सातबारा पाहून कांदेपोहे

मामाचं कर्ज अख्ख्या जगाला दिसतं. ते उताऱ्यावरून का निघत नाही, हे सांगणारा कागद मात्र 'पर्सनल'! उघडं काय ठेवायचं आणि झाकायचं काय? कागलच्या एका सोप्यात सुरू झालेल्या चौकशीची ही गोष्ट...

तर झालं असं, की माझ्या मामेभावाला स्थळ आलं. हा पठ्ठ्या हिंजवडीत कोड लिहितो, मुलगी बाणेरला एचआरमध्ये. दोघं कॉफी शॉपमध्ये तीनदा भेटलेले, एकमेकांच्या प्लेलिस्ट शेअर करून झालेल्या, थोडक्यात काय तर मामला नव्वद टक्के फिक्स. राहिला होता फक्त 'ऑफिशियल' कार्यक्रम. मुलीकडचे घर बघायला येणार आणि घर म्हणजे पुण्यातला वन बीएचके नव्हे, गावचं घर! मग काय, एका रविवारी आमची वरात निघाली आजोळी, कागलला.

कोल्हापूर सोडून हायवेनं विसेक किलोमीटर पुढं गेलं की कागल. त्यापुढं लगेच कर्नाटक. घर जुन्या पद्धतीचं, पुढं सोपा, सोप्यात सतरंजी. पाहुणे बसले. पोहे झाले, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, ऊसदरावर एक राऊंड झाला. आता मुलगा-मुलगीला 'जरा बोलून घ्या' म्हणायचं, एवढ्यात मुलीच्या काकांनी चष्मा वर केला आणि अगदी सहज विचारलं,

"पाव्हणं, उताऱ्यावर सोसायटीचा बोजा अजून दिसतोय नव्हं?"

मामा गप्प. मग सावरून म्हणाला, "फेडलंय की सगळं. मार्चमध्येच भरलं. कमी करायला अर्ज बी दिलाय."

"असंल असंल. म्हटलं, दिसतोय तर विचारावं." काकांचा पुढचा बॉल तयार होता. "आणि बहिणींची नावं आहेत अजून. हक्कसोड व्हायची असंल?"

बहिणींपैकी एक बहीण, म्हणजे माझी आई, त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

त्यानंतर चहा कसा प्यायला गेला, ते विचारू नका.

पाहुणे गेल्यावर मामा बराच वेळ सोप्यातच बसून राहिला. त्याला कर्जाचं वाईट वाटलं नव्हतं. पीककर्ज कुणाला नसतं? त्याला लागलं ते हे, की पै न् पै फेडलेलं कर्ज एका परक्या माणसानं त्याच्याच घरात बसून त्याला वाचून दाखवलं. आणि "आता नाही ते" हे सिद्ध करायला त्याच्याकडं काहीच नव्हतं.

दोन मिनिटांत अख्खा मामा

काकांनी काही जेम्स बॉण्डगिरी केली नव्हती. राज्याच्या महाभूलेख या संकेतस्थळावर जायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर किंवा नाव टाकायचं. सातबारा हजर! जमीन किती, कुणाकुणाच्या नावावर, पीक कुठलं आणि 'इतर अधिकार' या रकान्यात कुणाचा किती बोजा. (म्हणूनच मामाच्या जमिनीचं गाव आणि गट नंबर मी या लेखात सांगणार नाहीये. ती आहे कागलपासून थोडी लांब, एवढंच. नाहीतर हा अंक खाली ठेवायच्या आत तुम्हीही बघून मोकळे व्हाल!)

आता मेट्रो सिटीतली मंडळी म्हणतील, आमचं काय, आमच्या नावावर कुठं शेती आहे? जरा थांबा. तुम्ही फ्लॅट घेतलाय? दस्त नोंदवलाय? मग त्याची सूची क्रमांक दोन तयार झालीय. तिच्यात घेणारा, देणारा, पत्ता, किंमत, सगळं असतं, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर असे दस्त शोधण्याची सोय आहे. फ्लॅट नाही, भाड्यानं राहता? महाराष्ट्रात भाडेकरारही नोंदवावाच लागतो. म्हणजे फ्लॅट तुम्ही कितीला घेतला, हे तुमच्या ऑफिसातल्या चौकस सहकाऱ्याला पार्टी न मागताही कळू शकतं!

परतीच्या बसमध्ये माझं डोकं तापलेलं. हे सगळं बंदच केलं पाहिजे, असं माझं ठाम मत झालं होतं. सातबारा काय फेसबुकची भिंत आहे, कुणीही यावं आणि बघावं?

शेजारी आई खिडकीतून बाहेर बघत होती. पेठनाका गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ते तुझ्या मोबाईलवर मला दाखव की. माझं नाव आहे ना अजून?"

मी काढून दाखवलं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव वाचत आपलं नाव शोधलं. सापडलं. मग मोबाईल परत दिला आणि डोळे मिटून घेतले.

माझं ठाम मत कराडच्या आधीच ढेपाळलं.

कारण हाच उतारा कपाटात बंद असता, तर पुण्यात राहणाऱ्या माझ्या आईला आपलं नाव आहे की गेलं, हे कळलं कसं असतं? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. देशभरासाठी तो २००५ च्या दुरुस्तीनं आला. पण कायद्यात हक्क असणं वेगळं आणि कागदावर नाव टिकणं वेगळं. 'ताई, इथं एक सही कर' म्हणून झालेल्या सह्यांच्या गोष्टी तुमच्याही घरात असतील. सही नेमकी कशावर केली, हे बघायची सोय त्या बहिणींना पूर्वी नव्हती. आज 'आपली चावडी' नावाच्या डिजिटल फलकावर गावात कुठला फेरफार मंजुरीच्या वाटेवर आहे, ते घरबसल्या दिसतं. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात.

म्हणजे एकच खिडकी. तिच्यातून काकांना मामाचं कर्ज दिसलं आणि तिच्यातूनच आईला तिचा हक्क दिसला. बंद करायची तर कुणासाठी?

दप्तर कुणाच्या घरी?

गंमत म्हणजे या प्रश्नाचं एक उत्तर कागलच्याच माणसानं शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. आपल्याला त्यांचं १९०२ चं आरक्षण माहीत असतं, कुस्तीचं मैदान माहीत असतं. पण १९१८ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले, ही गोष्ट शाळेत एका ओळीत उरकली जाते.

ती एक ओळ म्हणजे काय होतं? गावाचं दप्तर, म्हणजे कुणाची जमीन किती, सारा किती भरला, किती बाकी, हे सगळं पिढ्यान् पिढ्या एका घराच्या ताब्यात असायचं. लिहिणारा तोच, वाचून दाखवणारा तोच. ज्याला वाचता येत नाही, त्यानं तो सांगेल ते खरं मानायचं. कागद सरकारचा, पण किल्ली एका घरात! वतन गेलं, पगारी माणूस आला, तेव्हा निदान तत्त्वानं तरी दप्तर त्या घरातून बाहेर आलं. आता तर तलाठी हे पदनामही बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय.

पण दप्तर बाहेर आलं म्हणजे लोकांना दिसू लागलं, असं नव्हे. ते सरकारी कपाटात गेलं. कपाट उघडायला आणखी बरीच वर्षं लागली. अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळं महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा देशाच्या कायद्याआधी आला. २००२ चा हा कायदा २००३ मध्ये राष्ट्रपतींची मोहोर लागून पक्का झाला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, आणि सगळ्यात भारी म्हणजे माहिती का हवी, हे सांगायची गरज नाही!

जुना कागद म्हणजे काय ताकद असते, हे २०२३ नंतर अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि गावोगावची जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळांची जुनी रजिस्टरं धूळ झटकून बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द नातवाचं अॅडमिशन ठरवू शकत होता.

तेव्हा सरकारी नोंद म्हणजे नुसती 'माहिती' नसते, बॉस. कुणाला काय मिळणार, हे ती ठरवते. म्हणून ज्याच्याबद्दल ती आहे, त्याला ती दिसलीच पाहिजे.

पत्ता लिहू की नको?

पुण्याला आल्यावर मी मामाला फोन केला. अर्ज कधी दिला? सहा महिने झाले. पोच आहे? आहे. मग? "तीनदा जाऊन आलो. साहेब मीटिंगला."

मी म्हटलं, माहितीचा अधिकार वापरू. मामा घाबरलाच. "नको गं. आपल्याला परत तिथंच जायचं असतंय." अर्ज त्याच्या नावानं द्यायला तो काही केल्या तयार होईना. मग मी माझ्याच नावानं द्यायचं ठरवलं. सोप्पं होतं. बोजा कमी करण्यासाठी गेल्या सहा महिन्यांत किती अर्ज आले, कुठल्या तारखेला आले, कधी निकाली निघाले, शेरा काय, त्या नोंदवहीच्या पानांची प्रत द्या. बस्स.

लिफाफ्यावर पत्ता लिहिताना आई मागं येऊन उभी. "घरचा पत्ता लिहू नकोस."

मी हसणार होते, पण हसले नाही. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. त्याच वर्षी मे महिन्यात इचलकरंजीत दत्तात्रय पाटील या माहिती अधिकार कार्यकर्त्याचा खून झाला. इचलकरंजी आमच्या कागलपासून हाकेच्या अंतरावर. आई त्या बातम्या विसरली नव्हती.

विचार करा, अर्जदाराकडून कायदा कारण मागत नाही, पण उत्तर पाठवायला पत्ता तर लागतोच. आणि तो अर्ज टेबलावरून टेबलावर फिरताना कुणाकुणाच्या हातात पडतो, ते तुम्हाला कधीच कळत नाही. यावर कोलकाता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं, की अर्जदारानं घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी चालला पाहिजे. पण खरं सांगा, पोस्ट बॉक्स घ्यायला तुमच्यापैकी कोण जाणार आहे?

मी मित्राच्या ऑफिसचा पत्ता टाकला. प्रायव्हसी म्हणजे काय, हे मला त्या लिफाफ्यानं शिकवलं. ती फक्त सेलिब्रिटींना आणि क्रेडिट कार्डवाल्यांच्या फोनला वैतागलेल्यांनाच हवी असते असं नाही. प्रश्न विचारणाऱ्यालाही ती लागते.

नोंदवही म्हणे पर्सनल!

तीस दिवसांनी उत्तर आलं. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण हेच उत्तर तुम्हाला कुठल्याही कार्यालयातून येऊ शकतं. 'मागणी केलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.' खाली कलम आठ, पोटकलम एक, खंड ञ. गोल शिक्का.

मी दोनदा वाचलं. म्हणजे मामाच्या डोक्यावर कर्ज आहे, ही गोष्ट वैयक्तिक नाही. ती जगातल्या कुठल्याही मोबाईलवर दिसते. पण त्याचा अर्ज टेबलावर किती दिवस पडून आहे, ती मात्र वैयक्तिक!

आता थोडा बोअरिंग पण महत्त्वाचा भाग. प्लीज पान उलटू नका.

या खंड ञ ची मूळ भाषा शहाणी होती. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी वैयक्तिक माहिती नाकारता येते, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागते, असं ती सांगायची. शेवटी एक झकास कसोटी होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदार आणि तुम्ही, एकाच रांगेत!

ही कसोटी महाराष्ट्रात गाजली ती सुरूपसिंह नाईक प्रकरणात. २००६ मध्ये तेव्हाचे हे मंत्री न्यायालयाच्या अवमानाबद्दल महिनाभराच्या तुरुंगवासाच्या शिक्षेला गेले आणि त्यातला बराच काळ त्यांनी जे. जे. रुग्णालयात काढला. शैलेश गांधींनी त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. आता आजारपणापेक्षा खासगी काय असतं? पण २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की डॉक्टरांचे गोपनीयतेचे नियम माहिती अधिकार कायद्याच्या वर नाहीत, आणि विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही. तुमचा-माझा रिपोर्ट वेगळा आणि शिक्षा भोगणाऱ्या मंत्र्याचा वेगळा. फरक आजाराचा नव्हता, पदाचा होता.

मग २०१२ मध्ये वारं फिरलं. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याचे मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्ता असा तपशील गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी मागितला होता. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, हा कर्मचारी आणि त्याच्या कार्यालयामधला मामला, ही वैयक्तिक माहिती. तेव्हापासून 'वैयक्तिक' हा शब्द सरकारी कार्यालयांच्या फार आवडीचा झाला.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. आपल्या पिढीसाठी हा खराखुरा विजय होता. त्यातून पुढं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या एका कोपऱ्यातल्या कलम ४४ नं माहिती अधिकारातला खंड ञ बदलून टाकला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आता तिथं जनहिताची अट नाही, विधिमंडळाची कसोटी नाही. 'वैयक्तिक माहिती', एवढंच. फुल स्टॉप.

माझा अर्ज या बदलाच्या आधीचा. म्हणजे जुन्या, शहाण्या भाषेतसुद्धा मला नकार मिळाला होता. नव्या भाषेत काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

सगळीच कवाडं बंद झालीत असंही नाही. त्याच कायद्यातलं कलम आठ, पोटकलम दोन शाबूत आहे. होणाऱ्या नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल, तर सवलतीतली माहितीही देता येते. आणि सगळे न्यायमूर्ती 'वैयक्तिक' म्हटलं की थांबत नाहीत. पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत इतर उमेदवारांना किती गुण मिळाले, ते एका उमेदवारानं मागितलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी भरतीतले गुण उघड केल्यानं कुणाच्या खासगीपणावर घाला येत नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या कुणालाही विचारा, या एका वाक्याची किंमत काय असते ते.

काळी पट्टी झिंदाबाद

मी अपील केलं. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडं असतं. वकील लागत नाही. सुनावणीला गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. बोलायला दोनच मुद्दे होते.

पहिला, साहेब, ज्यांचे हे अर्ज आहेत त्यांची नावं, जमीन, कर्ज, सगळं सरकारनंच नेटवर टाकलंय. मग त्यांच्या अर्जाची तारीख त्याहून गुप्त कशी?

दुसरा, मला नावं नकोच आहेत. कायद्याच्या कलम दहामध्ये सोय आहे, झाकायचं तेवढं झाका आणि उरलेलं द्या. नावांवर काळी पट्टी मारा. मला फक्त तारखा आणि शेरे हवेत.

साहेबांनी फाईल चाळली. "नावं काढून द्यायला हरकत नाही," म्हणाले. दहा मिनिटांत सुनावणी आटोपली!

थोड्या दिवसांनी चार पानं आली. डावीकडं काळ्या पट्ट्या, उजवीकडं तारखा. मामाच्या पोचेवरची तारीख माझ्याकडं होतीच. तिच्यासमोर शेरा होता, 'दाखला अस्पष्ट. त्रुटी.' सोसायटीनं दिलेल्या दाखल्यावरचा शिक्का नीट उमटला नव्हता. एवढंच! कुणी पैसे मागितले नव्हते, कुणी मुद्दाम अडवलं नव्हतं. कुणीतरी शेरा मारला आणि तो मामाला कळवायचा राहिला. मामानंतर आलेले अर्ज पटापट निघाले होते आणि मामाचा कागद सहा महिने तसाच निपचित पडून होता.

मामानं दुसऱ्या दिवशी नवा दाखला आणला, स्वच्छ शिक्क्याचा. काही आठवड्यांत बोजा कमी झाला.

तोवर ते स्थळ मात्र गेलं होतं. कारण कुणी सांगितलं नाही. "पत्रिका जुळली नाही," असा निरोप आला. पत्रिका आधीच जुळलेली होती. मामेभाऊ महिनाभर ट्रेकला गेला नाही.

तर मग उघडं काय, झाकलेलं काय?

माझ्यापुरता हिशेब असा. ज्याच्या हातात सही, शिक्का आणि दुसऱ्याचं काम अडवायची ताकद आहे, त्याच्या कामाचा कागद उघडा हवा. ज्याला रांगेत उभं राहायचंय, त्याचं झाकता येईल तेवढं झाकायला हवं. आपल्याकडं नेमकं उलट चाललंय. रांगेतल्या माणसाचं कर्ज, पत्ता, जमीन एका क्लिकवर आणि टेबलापलीकडचं सगळं 'वैयक्तिक'.

आणि जे उघडं ठेवायचंच आहे, सातबाऱ्यासारखं, तिथं नॉर्वेची एक आयडिया उचलण्यासारखी आहे. तिथं कुणाचं उत्पन्न किती, कर किती, हे कुणालाही बघता येतं. पण २०१४ पासून ज्याचं तुम्ही बघता, त्याला तुम्ही बघितल्याचं कळतं! नियम येताच नुसती शेजारी म्हणून डोकावणारी मंडळी भराभर कमी झाली. कल्पना करा, काकांनी उतारा बघितला त्याच दिवशी मामाच्या मोबाईलवर मेसेज आला असता. मामानं आपणहून फोन लावला असता, "पाव्हणं, बोजा दिसंल, पण फेडलाय बरं का, दाखला आहे." गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

हे फक्त माणसांच्या नोंदी बघणाऱ्यांसाठी हं. सरकारला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव-पत्ता मात्र कडीकुलपातच राहायला हवा. आईचं तेवढं ऐका.

मामानं पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा कोरा करकरीत सातबारा काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आता बघू देत कुणालाबी.' 'इतर अधिकार' रिकामा. वर तीन नावं, मामाचं आणि दोन्ही बहिणींचं. त्या नावांबद्दल मी घाबरत घाबरत विचारलं. मामा म्हणाला, "राहू देत की. तीबी या घरचीच हाईत." आईनं त्या मेसेजवर काहीच लिहिलं नाही. फोटो मात्र सेव्ह करून ठेवलाय, मी बघितलंय.

परवा मामीचा फोन आला. नवं स्थळ आलंय, निपाणीकडचं, मुलगी बँकेत आहे. गप्पा झाल्या, आणि फोन ठेवता ठेवता मामी आवाज खाली आणून म्हणाली, "तेवढं त्यांचं बी बघ की गं मोबाईलवर."

बघितलं का?

सॉरी, पर्सनल आहे!

करून बघाच!

• घरच्या जमिनीचा उतारा आणि 'आपली चावडी' वर्षातून दोनदा तरी उघडा. आई, आत्या, मावशीचं नाव आहे का, ते त्यांना स्वतःला बघू द्या.

• कर्ज फिटलं की काम संपलं, असं समजू नका. बोजा कमी करायला अर्ज द्या, पोच घ्या, आणि नोंद निघेपर्यंत पाठपुरावा करा.

• महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. फी दहा रुपये, तीस दिवस वाट बघा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

• माणसं मागू नका, काम मागा. नावांऐवजी तारीख, शेरा, रक्कम, नियम विचारा. 'नावं झाकून द्या' हे वाक्य अर्जातच लिहा. नकार द्यायला निम्मं कारण तिथंच संपतं.

• दुसऱ्याचा उतारा बघण्याआधी दोन सेकंद थांबा. तुमचाही कुणीतरी बघतंय.